मधलं नख

ज्या माणसाने सारी हयात जंगलातल्या राष्ट्रीय पार्कात रेंजर म्हणून काढली, त्याला फाटकाबाहेरच्या खासगी कॅम्पात मुक्कामाला आणायचं, तर छाती लागते. नॅडीनने ते धाडस केलं होतं आणि आता त्याची फळं भोगत होती. डोरीनच्या कॅम्पात गाडी लावून, राहायचा ट्रेलर सोडवून, विजेची वायर जोडूनसुद्धा झाली, तरी तिचे बाबा, ऑर्विल हॉगन, पुढच्या सीटवरून हललेले नव्हते.

"बाबा, उतरताय ना?"

"इथे मी लोकांना समज द्यायला यायचो. राहायला नाही."

"पार्कातल्या कॅम्पात वीज नाही. झोपताना तुमचं ऑक्सिजनचं मशीन कशावर चालवू? माझ्या डोक्यावर?"

"आत त्या कॅम्प सांभाळणाऱ्या स्वयंसेवक म्हातारा-म्हातारीच्या जागेला वीज आहे. नुसतं माझं नाव सांग, धावत येऊन जागा देतील."

"आणि त्यांना कुठे घालवू? झाडावर? मला नाही जमायचं तुमच्या नावाने भीक मागायला."

हे ऐकून म्हातारा उतरला, पण दार असं आपटलं की शेजारच्या ट्रेलरमधलं कुत्रं भुंकायला लागलं.

ऑर्विल हॉगन म्हणजे पार्कातला अस्वलवाला माणूस. अख्ख्या खोऱ्यात त्यांना याच नावाने ओळखत. अस्वलाला माणसाच्या ताटातला घास लागला, की त्याच्या नावाची गोळी भरली, हे वाक्य त्यांचं. आतल्या कॅम्पात शिरताना ते पाटीवर, खाली त्यांच्या नावासह, लिहिलेलं दिसे. निवृत्तीनंतरही ते शाळाशाळांतून फिरत. बरोबर एक पेटी असे आणि त्या पेटीत लाकडी दांड्यावर बसवलेला, म्हातारपणाने मेलेल्या अस्वलाचा खराखुरा पंजा. खोऱ्यातलं असं एक मूल नव्हतं, की ज्याने त्या नखांवरून भीत भीत बोट फिरवलं नव्हतं. मधलं नख का नाही, असं कुणी विचारलंच तर ऑर्विल म्हणत, "आमच्या घरात एक छोटं अस्वल होतं, त्याने मोडलं." ते छोटं अस्वल म्हणजे नॅडीन. सहा वर्षांची असताना तिने तो पंजा अंगणातल्या दगडावर घासून पाहिला होता, आणि मग बाबा बोलत नाहीत म्हणून रडरड रडली होती.

बाबांचं सगळं ऐकायचं, ही तिची तेव्हापासूनची सवय. ती या वर्षी पहिल्यांदा मोडली, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, की झोपेत ऑक्सिजनची नळी नसेल तर सकाळी माणूस उठेलच असं नाही.

त्या नळीची म्हाताऱ्याला भारी लाज. ट्रेलरचे पडदे लावल्याशिवाय, दिवा मालवल्याशिवाय ते ती नाकाला लावत नसत. आपल्याच लेकीने पाहिलं तरी तोंड फिरवत. पार्कात गेलं, की तरणेताठे रेंजर टोपी काढून "सर" म्हणत, लोक आपल्या पोरांना दाखवत. इथे बाहेर त्यांना कोण विचारणार होतं?

कुणी विचारलं नाही म्हणून गप्प बसतील तर ते ऑर्विल कसले. संध्याकाळी काठी घेऊन ते कॅम्पभर फिरले आणि ज्याच्या त्याच्या खाण्याच्या पेट्या मोजायला लागले. आतल्या कॅम्पात प्रत्येक जागेला लोखंडी कपाट असतं, खाणं त्यात कडीबंद. इथे आइसबॉक्स बाकाखाली, सॉसेज शेगडीवर, चिकट ताटल्या गवतात, असा सगळा आनंद होता.

"अहो, ती पेटी गाडीत टाका आणि काच लावा," ऑर्विल एका पोटसुट्या माणसाला म्हणाले.

तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "आजोबा, तुम्ही कोण?"

साधाच प्रश्न. पण नॅडीनने बाबांचा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, कुणीतरी फाडकन थोबाडीत मारल्यावर माणूस असा दिसतो. ते काठी टेकत परतले. इतक्यात कॅम्पाची मालकीण डोरीन कमरेवर हात ठेवून आलीच.

"ऑर्विल, तुझी जुनी हौस पुरी झाली असेल तर माझी गिऱ्हाइकं सोड. माझ्याकडे अस्वल कधी फिरकलेलं नाही."

"फिरकेल."

"फिरकेल तेव्हा त्याला कॉफी देईन. तू जा, झोप."

नॅडीनला हसू आलं. ट्रेलरमध्ये गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "आता पुरे ना? इथे खरंच अस्वल आलं, तर त्याच दिवशी मी आत जाऊन त्या म्हातारा-म्हातारीच्या पाया पडते. मग तर झालं?"

ऑर्विल यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. एवढ्या लवकर यांची समजूत पटली, म्हणून तिला बरंच वाटलं.

उजाडताना ती जागी झाली ती डोरीनच्या ओरडण्याने. बाहेर येऊन पाहते तर स्वतःचाच निळा आइसबॉक्स गवतात आडवा पडलेला, झाकण उघडं, बर्फ विखुरलेला, आणि बेकनची, चीजची नावनिशाणी नाही. झाकणावर खोल ओरखडे. कॅम्पातली माणसं झोपेच्या कपड्यांतच गोळा झाली होती. पोटसुटा माणूस आपली पेटी मुकाट्याने गाडीत चढवत होता.

"हा गाडीत होता," नॅडीन म्हणाली. "मी ठेवला होता. ठेवला होता ना, बाबा?"

ऑर्विल दारात उभे होते. त्यांनी खांदे उडवले.

नॅडीनने गाडीकडे पाहिलं. आपण विसरलो? ऑर्विल हॉगनची मुलगी, आणि खाणं बाहेर ठेवून झोपली? तिने मनातल्या मनात आदल्या संध्याकाळची उजळणी केली, गाडीचं मागचं दार लावल्याचं तिला आठवतही होतं. पण समोर पडलेल्या पेटीपुढे आठवणीला कोण विचारतं?

वन्यजीव खात्याचा वॉर्डन गॅरेट आला. फाटकाबाहेरचा मुलूख त्याचा. पोरगा ऑर्विल यांच्याच हाताखाली शिकलेला, त्यांना पाहून त्याने टोपी काढली. पोटसुट्या माणसाने ते पाहिलं आणि तो बायकोच्या कानात काहीतरी कुजबुजला. ऑर्विल यांची पाठ ताठ झाली.

"पेटी बाहेर कुणी ठेवली?" गॅरेटने विचारलं.

नॅडीनने बाबांकडे पाहिलं. बाबा झाकणाकडे पाहत होते.

"मीच," ती म्हणाली. "विसरले असेन."

"ताई, तुम्ही?" गॅरेटला खरंच धक्का बसला. मग तो ऑर्विल यांच्याकडे वळला. "सर, तुम्ही एकदा बघता का? तुम्ही म्हणाल ते खरं."

ऑर्विल गुडघ्यावर बसले, ओरखड्यांवरून हात फिरवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काळं अस्वल. चांगलं मोठं. पेट्या फोडायला सरावलेलं आहे. ही जागा राहण्यासारखी नाही."

"मग सापळा लावतो."

"सापळा?" म्हातारा एकदम उठला, त्याला धाप लागली. "एवढ्यात? आधी पाळत ठेवायची असते, पोरा. हाकलून बघायचं असतं. मी हेच शिकवलं होतं तुला."

"ते तुमच्या वेळी, सर. गावात अस्वलाने माणसाचा हात फाडला ना, तेव्हापासून नियम बदलला. पेटी फोडली की सापळा. आणि तुम्हीच म्हणताय सरावलेलं आहे."

ऑर्विल काहीतरी बोलणार होते. सगळे त्यांच्याकडे पाहत होते, पोटसुटासुद्धा. त्यांनी काठी उचलली आणि ते ट्रेलरकडे वळले.

दुपारी सापळा आला. चाकांवर चढवलेलं मोठं लोखंडी नळकांडं, एका टोकाला जाळी, दुसऱ्या टोकाला वर उचललेलं दार, आणि आत रस्त्यावर मेलेल्या हरणाची तंगडी. कॅम्पाच्या मागे, नदीकडच्या झाडीत तो उभा केला. नदीच्या पलीकडे पार्क.

नॅडीनने शब्द पाळला. आत जाऊन तिने त्या स्वयंसेवक जोडप्याला हात जोडले. ती दोघं तर हरखूनच गेली. "ऑर्विल हॉगन? अहो, आम्ही त्यांच्या पाटीखालीच राहतो! उद्याच या, आम्ही लेकाकडे जाऊन येतो आठवडाभर." नॅडीन परत आली ती अपराधी आणि तरी खूश, की चला, निदान यांच्या मनासारखं होतंय.

"उद्या सकाळी आत जायचं, बाबा. तुमच्या नावाने धावत आली खरंच."

ऑर्विल नदीकडे तोंड करून बसले होते. "बरं," एवढंच म्हणाले. जेवले नाहीत.

सकाळी सापळ्याचं दार पडलेलं होतं.

नॅडीन तिथे पोचली तेव्हा गॅरेट जाळीपाशी उभा होता. आत एक मादी होती. काळीभोर, फार मोठी नाही, एका कानात पिवळा बिल्ला. ती गुरगुरत नव्हती. कोपऱ्यात अंग चोरून बसली होती आणि एकसारखी जबडा वाजवत होती, थंडीने माणसाचे दात वाजतात तशी.

"बिल्ला कसला?" नॅडीनने विचारलं.

"मागे एकदा गावात सफरचंदाच्या झाडावर सापडली होती. तेव्हा सोडली. दुसऱ्यांदा सूट नाही, ताई." गॅरेट तिच्याकडे न बघता बोलत होता. "माझ्या साहेबांना फोन केलाय. ते आले की इथून घेऊन जायची आणि... तुम्हाला माहीतच आहे."

तिला माहीत होतं. लहानपणी बाबा ज्या दिवशी तसलं काम करून येत, त्या दिवशी घरात रेडिओ लागत नसे. पण तेव्हा चूक लोकांची असायची, कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या मूर्खांची. आज चूक तिची होती. आपल्या हाताने आपण हिला मारलं, असं तिला वाटलं आणि रडूच फुटलं. मादीने पुढचा पंजा जाळीला लावला. जाळीतून नखं बाहेर आली. काळी, वाकडी, पाचच्या पाच.

रडतच ती ट्रेलरकडे आली. सामान भरायचं होतं. आइसबॉक्स उचलायला तिने झाकणावर हात ठेवला आणि बोटं आपोआप ओरखड्यांत गेली. दोन ओरखडे. मग गुळगुळीत जागा. मग पुन्हा दोन.

तिने हात उचलला आणि परत ठेवला. दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी. सगळीकडे तेच. दोन, मोकळी जागा, दोन. तिचं मधलं बोट कुठेच रुतेना.

हे खरं नसू दे, एवढंच ती म्हणत होती. मग ट्रेलरमध्ये शिरली, बाबांच्या बिछान्याखालची शाळेची पेटी ओढली आणि उघडली. पंजा जागेवर होता. चार नखं, मध्ये खुंट. नखांच्या टोकांना निळ्या प्लास्टिकचे कण चिकटलेले.

ऑर्विल मागे उभे होते.

"बेकन कुठंय?" तिने विचारलं. एवढ्या सगळ्यातून तिच्या तोंडून आधी हेच निघालं.

"लोखंडी कचरापेटीत. टाकून कडी लावली. अस्वलाच्या तोंडी लागू नये म्हणून."

ती बघतच राहिली. एवढी काळजी घेतली होती या माणसाने!

"बाबा, मी सगळ्यांसमोर म्हटलं, मी विसरले. तुम्ही ऐकलंत. तुम्ही मला म्हणू दिलंत."

"मला वाटलं, सगळे इथून उठतील. आपण आत जाऊ. संपलं. सापळ्याचा नियम मला ठाऊक नव्हता, नॅडीन."

"कशासाठी? झाडांसाठी? ती इथेही आहेत!"

म्हातारा बिछान्यावर बसला. नळी उशीवर पडली होती, ती त्यांनी हाताने बाजूला सारली. "इथे मी कुणीच नाही," ते म्हणाले. "नाकात नळी घातलेला म्हातारा. मला एकदा आत जायचं होतं. अजून कुणी ओळखतं तोवर."

नॅडीनला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला. ज्याने तिला गाडीतला बिस्किटाचा चुरासुद्धा वेचायला शिकवलं, त्याने हे करावं? तिला किळस आली, आणि बापाची किळस येते याचंच भय वाटलं.

"तिच्या पंज्याला पाचही नखं आहेत," ती म्हणाली. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

"गॅरेटला मी शिकवलंय, पोरी. त्याच्यासमोर..."

"तुम्ही की मी?"

ऑर्विल उठले. पंजा पाठीमागे धरून, थांबत थांबत, सापळ्यापर्यंत गेले. तिथे आता डोरीन होती, पोटसुटा आणि त्याची बायको होती, आणखीही कुणी कुणी.

"हिला सोड, गॅरेट. हिने काही केलेलं नाही."

"सर, मलाही वाईट वाटतंय."

"पेटी मी बाहेर काढली. मी ओरखडलं. अस्वल आलंच नव्हतं."

गॅरेटचा चेहरा मऊ झाला. त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुमचा जीव तुटतो, मला कळतं. म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. पण तुमच्यासारखा माणूस असं करेल, हे कुणाला तरी पटेल का?"

खोट्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता आणि खऱ्यावर कुणी ठेवत नव्हतं. आजवरचं नावच आडवं आलं होतं.

ऑर्विल यांनी पाठीमागचा हात पुढे केला. गॅरेटने पंजा ओळखला. लहानपणी शाळेत त्यानेही त्यावरून बोट फिरवलं होतं. म्हाताऱ्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि खात्याच्या पांढऱ्या गाडीच्या दारावरून, चिन्हाच्या खालून, कर्रर्र करून ओढला. अंगावर काटा आणणारा आवाज झाला. सापळ्यातली मादी दचकून उठली.

पांढऱ्या रंगावर दोन रेघा, मोकळी जागा, दोन रेघा.

नॅडीनने सोबत आणलेलं आइसबॉक्सचं झाकण शेजारी धरलं.

गॅरेटने झाकण पाहिलं, दार पाहिलं, जाळीतून मादीचा पंजा पाहिला.

"मी हिला मारणार होतो," तो म्हणाला. "तुमच्या शब्दावर मारणार होतो, सर."

"हो."

"तुम्ही काल बसून हात फिरवलात. माझ्यासमोर."

"हो."

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं," डोरीन पुटपुटली. एरवी ती हसली असती. पण तिचेही डोळे भरले होते, आणि तिने नॅडीनचा हात घट्ट धरला.

गॅरेटने साहेबांना पुन्हा फोन लावला. बोलून झाल्यावर त्याने ऑर्विल यांच्या हातातला पंजा काढून घेतला आणि गाडीत टाकला. "हा आता खात्याकडे राहील. शाळांना मी कळवतो. पार्कवाल्यांनाही कळवावं लागेल." मग सापळा गाडीला जोडता जोडता तो म्हणाला, "पुलापलीकडे सोडतो हिला. तुम्ही येऊ नका, सर. इथेच थांबा."

सर म्हणायची सवय सुटली नव्हती, एवढंच.

बापलेक नदीच्या अलीकडे उभे राहिले. गाडी पूल ओलांडून गेली, पलीकडच्या कुरणात थांबली. गॅरेटने दोर ओढला, दार वर गेलं. बराच वेळ काहीच बाहेर आलं नाही. मग काळं काहीतरी सुसाट धावत झाडीत शिरलं.

"गेली का?" ऑर्विल यांनी विचारलं. त्यांचे डोळे तेवढ्या लांबचं पाहायला राहिले नव्हते.

"गेली. आत गेली."

त्यांनी मान हलवली आणि धाप लागून तिथेच काठीवर वाकले. नॅडीनने त्यांना धरून ट्रेलरपाशी आणलं, बाहेरच्या खुर्चीत बसवलं. ओठ निळे पडले होते. ती आत गेली, मशीन उचललं, वायर दारातून ताणून बाहेर आणली. तिचा राग गेला नव्हता, जायची घाईही नव्हती. पण मशीन तिने आणलं. इतक्यात पार्कातल्या त्या म्हातारीचा फोन आला, जागा झाडून ठेवलीय, कधी येताय?

नॅडीनने बाबांकडे पाहिलं.

"येत नाही म्हणून सांग," ऑर्विल म्हणाले. "आणि म्हणावं, ती पाटी राहू दे. फक्त माझं नाव काढा खालचं."

त्यांनी नळी हातात घेतली. पडद्यासाठी इकडेतिकडे पाहिलं नाही. भर उन्हात, सगळ्या कॅम्पाच्या देखत, त्यांनी ती नाकाला लावली, कानांमागून घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

पोटसुटा माणूस समोरून जाताना जरा थांबला, पाहिलं, आणि मान खाली घालून पुढे गेला. तुम्ही कोण, असं विचारायची आता कुणालाच गरज नव्हती.